खिडकीतला कुलर, भिंतीवरचा एसी आणि बंद खोलीतली हवा

पिण्याच्या पाण्याची ओटी चाचणी होते, हॉटेलच्या स्वयंपाकघराची तपासणी होते. जळगाव-धुळ्यात साठ-सत्तर विद्यार्थी ज्या बंद वर्गात रोज तीन-चार तास बसतात, तिथली हवा मात्र कोणीही मोजत नाही. क्षयरोगापासून गोवर-करोनापर्यंतचे आजार याच हवेतून पसरतात. त्यावरचा उपाय महागडा नाही, आणि त्यातला निम्मा उपाय खान्देशाला आधीपासून ठाऊक आहे.

मे महिन्यातली दुपार. जळगावात पारा ४४-४५ अंशांवर. रस्ते ओस, दुकानांची शटर अर्धी खाली. अशा वेळी एखाद्या व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावरील क्लासमध्ये साठ-सत्तर मुले बसलेली असतात. खिडक्यांना काळी फिल्म, त्यावर पडदे, दोन स्प्लिट एसी सुरू आणि दारावर पाटी : ‘एसी सुरू आहे, दार बंद ठेवा.’ सोमवारी एकाला खोकला असतो, पुढच्या सोमवारी अर्धा वर्ग खोकत असतो. घरी आई म्हणते, ‘वातावरणच खराब आहे सध्या, सगळीकडे व्हायरल सुरू आहे.’

वातावरण खराब असते हे खरे. पण त्यात त्या बंद खोलीतल्या हवेचा वाटा किती, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. क्लासची फी, निकाल, शिक्षक यांची चौकशी करणारे पालकही खिडकी उघडते का, हे पाहत नाहीत.

आजार हवेतून पसरतो म्हणजे नेमके काय?

माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो किंवा नुसता श्वास सोडतो, तेव्हा तोंडा-नाकातून लहान-मोठे कण बाहेर पडतात. मोठे थेंब एक-दोन मीटरच्या आत खाली बसतात. अतिसूक्ष्म कण मात्र उदबत्तीच्या धुरासारखे तरंगत राहतात. उघड्या अंगणात हा धूर क्षणात विरतो, बंद खोलीत साचतो. आजारी माणूस खोलीतून निघून गेला तरी कण मागे राहतात. गोवराचा विषाणू तर बंद जागेत दोन तासांपर्यंत संसर्ग करू शकतो. धुळ्यापासून तासाभराच्या अंतरावरील मालेगावात २०२२च्या अखेरीस गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा दाट वस्तीतली छोटी घरे आणि राहिलेले लसीकरण या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

करोनाच्या सुरुवातीला मात्र हा भाग दुर्लक्षित राहिला. मार्च २०२०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने करोना हवेतून पसरत नाही, असे ठामपणे सांगितले होते. त्यामुळे सारा भर हात धुण्यावर, सॅनिटायझरवर आणि रस्त्यांवर सोडियम हायपोक्लोराइट फवारण्यावर राहिला. त्याच वर्षी मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातील मृत्यूंच्या प्रमाणाने राज्याला काळजीत टाकले होते. दुकानांपुढे चुन्याची वर्तुळे आखली गेली, आतली खिडकी कोणी उघडायला सांगितली नाही. दुसऱ्या लाटेत, मे २०२१मध्ये, केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागार कार्यालयाने सूचनापत्र काढले. मोठे थेंब दोन मीटरपर्यंत, तर सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून दारे-खिडक्या उघडा, एक्झॉस्ट फॅन लावा, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. लाट ओसरली आणि ते पत्रही विस्मरणात गेले.

खान्देशात यापेक्षा जुना आणि आजही न संपलेला आजार म्हणजे क्षयरोग. तो जवळपास पूर्णपणे हवेतून पसरतो. २०२३मध्ये जगातील एकूण नव्या क्षयरुग्णांपैकी सुमारे २६ टक्के, म्हणजे जवळपास २८ लाख रुग्ण भारतात होते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. साध्या क्षयरोगाचा उपचारही सहा महिने चालतो. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे मैदानावर धावणाऱ्या आणि दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्या तरुणासाठी हे सहा महिने म्हणजे हातची गेलेली भरती असते.

हवा ‘वापरलेली’ आहे हे कसे कळणार?

विषाणू किंवा जंतू हवेत किती आहेत, हे वर्गात बसून मोजता येत नाही. पण त्या हवेत इतरांनी सोडलेला श्वास किती आहे, हे मोजता येते. त्यासाठी कार्बन डायऑक्साइडचे मीटर वापरतात. बाहेरच्या मोकळ्या हवेत हा वायू सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग असतो. माणसाच्या उच्छ्वासात तो सुमारे ४० हजार पीपीएम असतो. त्यामुळे खोलीतला आकडा जितका चढेल, तितकी हवा ‘उष्टी’.

मीटरवर १,४०० दिसत असेल, तर आत घेतलेल्या प्रत्येक ४० श्वासांपैकी एक श्वास दुसऱ्या कोणीतरी आधीच घेऊन सोडलेला आहे, असा त्याचा ढोबळ अर्थ. आकडा ३,२०० असेल, तर दर चौदा-पंधरा श्वासांमागे एक. दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्यातले पाणी न पिणारे घर आपल्या मुलाला अशा खोलीत बसवते, कारण हवा दिसत नाही.

नियम काय सांगतो?

कोचिंग क्लाससाठी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. चर्चा झाली ती १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश नको, या कलमाची. त्याच सूचनांमध्ये आणखी दोन गोष्टी आहेत : प्रत्येक विद्यार्थ्याला किमान एक चौरस मीटर जागा आणि प्रत्येक वर्ग ‘हवेशीर’. हवेशीर म्हणजे किती, याचा आकडा मात्र नाही.

हा आकडा का हवा, ते साध्या गुणाकाराने कळते. विद्यार्थ्यामागे एक चौरस मीटर जागा आणि छत तीन मीटर उंच, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तीन घनमीटर हवा. बसून अभ्यास करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. वर्ग पूर्ण बंद असेल, तर आकडा मिनिटाला सुमारे १०० पीपीएमने वाढतो. म्हणजे हजेरी संपेपर्यंत, पहिल्या दहा मिनिटांतच, तो १,४००च्या पुढे जातो. दारांच्या फटींतून थोडी हवा येते-जाते, म्हणून प्रत्यक्षात वाढ काहीशी संथ असते. पण दिशा तीच. नियमाने दिलेली जागा देऊनही वर्ग कोंदट राहू शकतो, तो असा.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१मध्ये यासाठी एक साधे माप सुचवले. घरे आणि रुग्णालये सोडून इतर इमारतींमध्ये दर माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा हवी. एवढी हवा मिळाली, तर मीटरचा आकडा हजाराच्या आत राहतो. रुग्णालयात खिडक्यांवर भिस्त असेल, तर हेच माप दर रुग्णामागे ६० लिटर आहे. परवान्याच्या अर्जात हे आकडे आले, तर तपासणीला काही अर्थ येईल.

खान्देशात प्रश्न वेगळा का?

मुंबई-कोकणात वर्षभर खिडकी उघडी ठेवता येते. खान्देशात खोली बंद करण्याला दोन सबळ कारणे आहेत. मार्च ते जून दुपारी खिडकीतून झळा येतात. भुसावळ, जळगाव, अमळनेर, शिरपूर सगळीकडे तीच गत. डिसेंबर-जानेवारीत उलटे होते. पारा एक अंकी आकड्यावर येतो, धुळ्यात तर कधी कधी तो ४-५ अंशांपर्यंत उतरतो. त्यामुळे वर्षातले निम्मे महिने ‘दार लावून घे’ हेच घराघरात ऐकू येते.

जुन्या घरांनी यावर तोड काढली होती. जाड मातीच्या भिंतींची धाब्याची घरे दुपारी थंड राहत आणि धाब्यात ठेवलेल्या साण्यातून गरम हवा व धूर वर निघून जाई. जुन्या शाळा, दवाखाने आणि कचेऱ्यांना उंच छत, समोरासमोर मोठ्या खिडक्या आणि छताजवळ झरोके असत. नव्या स्लॅबच्या इमारतींमध्ये छत खाली आले, झरोके गेले आणि खिडकी एकाच बाजूला उरली. अनेक जुन्या शाळांतही एसी किंवा प्रोजेक्टर बसवताना वरचे झरोके प्लायवूड ठोकून बंद केले जातात.

पेरू देशातील लिमा शहरात आठ रुग्णालयांमध्ये याची मोजणी झाली आणि २००७मध्ये ती प्रसिद्ध झाली. उंच छत व मोठ्या खिडक्यांच्या, पन्नास वर्षांहून जुन्या खोल्यांमध्ये खिडक्या उघडल्यावर तासाला ४० वेळा हवा बदलत होती. नव्या खोल्यांमध्ये १७ वेळा. क्षयरुग्णांसाठी यंत्राने हवा खेळवलेल्या खास खोल्यांचा आकडा १२ होता. म्हणजे जुन्या बांधकामाची साधी खिडकी महागड्या यंत्राला भारी पडली होती.

कुलर की एसी?

इथे खान्देशाच्या हातात एक हुकमी साधन आहे. खिडकीत बसवलेला कुलर बाहेरची कोरडी, गरम हवा ओल्या गवताच्या किंवा वाळ्याच्या ताट्यांतून आत ओढतो आणि थंड करून खोलीत सोडतो. म्हणजे येणारी प्रत्येक झुळूक बाहेरची, ताजी असते. साधा मोठा कुलर ताशी दोन हजार घनमीटरच्या आसपास हवा फेकतो. तीन बाय चार मीटरच्या खोलीत ती क्षमता निम्मी धरली, तरी तासाला पंचवीसहून अधिक वेळा खोलीतली हवा बदलते.

अट एकच : कुलर खिडकीच्या बाहेरच्या अंगाला हवा आणि समोरची खिडकी किंवा दार उघडे हवे. ही अट खान्देशातल्या प्रत्येक घराला माहीत आहे, कारण समोरची खिडकी लावली की खोलीत चिकचिक होते आणि कुलर थंड करेनासा होतो. कुलर खोलीच्या आत ठेवून दारे-खिडक्या लावल्या, तर तो फक्त आतली दमट हवा घुसळतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की कुलर निरुपयोगी ठरतो. पण तेव्हा बाहेरचे तापमानही उतरलेले असते आणि खिडकी उघडता येते.

स्प्लिट एसीचे काम याच्या नेमके उलट चालते. तो खोलीतलीच हवा आत घेतो, थंड करतो आणि पुन्हा त्याच खोलीत सोडतो. त्याची जाळी धूळ अडवते, विषाणू नाही. छताचा पंखाही हवा फिरवतो, बदलत नाही. चीनमधील ग्वांगझू शहरातील एका रेस्टॉरंटमध्ये २४ जानेवारी २०२० रोजी हेच घडले. एसी सुरू, एक्झॉस्ट बंद. शेजारशेजारच्या तीन टेबलांवरील तीन कुटुंबांतील दहा जणांना करोना झाला. तिथे माणशी सेकंदाला जेमतेम एक लिटर ताजी हवा मिळत होती, असे नंतरच्या मोजणीत आढळले.

यावरून एसी काढून टाका, असा अर्थ कोणी घेऊ नये. पंचेचाळीस अंशांत उष्माघातही जीव घेतो. एसीबरोबर ताजी हवा येण्याचा आणि वापरलेली हवा जाण्याचा रस्ता हवा, एवढेच.

एवढ्याने खरेच फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजला गेला आहे. तैवानमधील तैपेईच्या एका विद्यापीठात क्षयरोगाचा उद्रेक झाला, तेव्हा कोंदट वर्गांतील कार्बन डायऑक्साइड ३,२००च्या आसपास होता. हवा खेळती करून तो ६००पर्यंत खाली आणला गेला. आकडा हजाराच्या आत आणल्याने संपर्कातील लोकांमध्ये क्षयरोगाचे प्रमाण ९७ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष संशोधकांनी २०२०मध्ये मांडला. इटलीच्या मार्के प्रांतात १० हजारांहून अधिक वर्गांची तुलना झाली. त्यांपैकी ३१६ वर्गांत यंत्राने ताजी हवा आत आणली जात होती. जिथे विद्यार्थ्यामागे सेकंदाला १० ते १४ लिटर हवा मिळत होती, तिथे करोना संसर्गाचा धोका ८० टक्क्यांहून अधिक कमी आढळला.

लस, मास्क आणि वेळेवर उपचार यांना हा पर्याय नाही. खेळती हवा हा त्यांच्या जोडीचा उपाय आहे. त्याचा एक मोठा गुण असा की, खोलीतल्या कोणालाही काही वेगळे करावे लागत नाही. एकदा सोय झाली की ती पुढच्या प्रत्येक आजाराला लागू पडते.

खर्च किती?

साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला दर माणशी १० लिटरच्या मापाने ताशी सुमारे २,१६० घनमीटर हवा लागते. बारा इंची एक्झॉस्ट फॅन ताशी हजार ते दीड हजार घनमीटर हवा बाहेर टाकतो. म्हणजे दोन पंखे आणि समोरच्या बाजूला उघड्या दोन खिडक्या. यंत्रांचा खर्च काही हजार रुपये, म्हणजे एका विद्यार्थ्याच्या वर्षाच्या फीपेक्षा बहुतेक ठिकाणी कमी. एसीचे वीजबिल वाढेल, हे खरे. म्हणूनच उन्हाळ्यात मोठ्या वर्गांसाठी डक्ट कुलर हा खान्देशाला साजेसा मार्ग आहे : थंडावाही मिळतो आणि हवाही बाहेरची येते. थंडीत खिडकी चार बोटे उघडी आणि वरचा झरोका मोकळा ठेवला, तरी पुष्कळ काम होते. आतली उबदार हवा आपोआप वर जाऊन बाहेर पडते.

काही आक्षेपही रास्त आहेत. रस्त्याकडेच्या वर्गात खिडकी उघडली की धूळ येते. तिथे मागच्या बाजूची खिडकी उघडावी. तेही शक्य नसेल, तर चांगल्या फिल्टरचे एअर प्युरिफायर कण कमी करते. मात्र प्युरिफायरने कार्बन डायऑक्साइड घटत नाही, हे लक्षात ठेवावे. खिडक्यांना जाळ्या नसतील, तर डास येतात. कुलरच्या टाकीत पाणी साचून डेंग्यूचे डास होतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून कोरडा दिवस पाळायलाच हवा. वीज गेली की पंखेही बंद पडतात. अशा वेळी उघडणारी खिडकी हाच आधार, आणि म्हणून काच कायमची बंद असलेल्या इमारतींना मान्यता देताना दहादा विचार व्हायला हवा.

सुरुवात कुठून?

सगळ्या इमारती एका दिवसात बदलणार नाहीत. जिथे माणसे दाटीने आणि जास्त तास एकत्र असतात, तिथून सुरुवात व्हावी.

पहिले ठिकाण आश्रमशाळांची वसतिगृहे. यावल, चोपडा, शिरपूर, साक्री भागातील आदिवासी मुले रात्रीचे आठ-नऊ तास एकाच हॉलमध्ये शेजारी-शेजारी झोपतात. थंडीत खिडक्या लावल्या जातात. एकाला गोवर, गालफुगी किंवा क्षयरोग झाला, तर बाकीच्यांना पळायला जागा नसते. छताजवळचे झरोके उघडणे, त्यांना जाळी लावणे, दोन एक्झॉस्ट फॅन आणि मुलांना पुरेशी पांघरुणे, हे एकत्रच मंजूर व्हायला हवे. पांघरूण नसेल, तर खिडकी उघडी राहणार नाही.

दुसरे ठिकाण रुग्णालयांची ओपीडी. खोकणारा रुग्ण आणि तान्हे बाळ घेऊन आलेली आई एकाच बाकावर तासभर बसतात. प्रतीक्षेची जागा बंद हॉलमधून व्हरांड्यात आणणे, हा जवळपास फुकटचा उपाय आहे.

तिसरे ठिकाण क्लास आणि अभ्यासिका. दोन्ही महापालिकांना अग्निसुरक्षेची तपासणी करता येते, तर त्याच फेरीत मीटर ठेवून दहा मिनिटांत हवाही मोजता येईल. वर्ग भरलेला असतानाचा आकडा दारावर लावावा. हजाराच्या आत असेल तर ठीक. दीड हजाराच्या वर असेल, तर सुधारणेसाठी मुदत. दंडाची गरज क्वचितच पडेल. फी भरण्याआधी पालक तो आकडा वाचू लागले, की क्लासचालक स्वतःहून खिडकी उघडतील.

एकेकाळी विहिरीचे पाणी दिसायला स्वच्छ असले की ते पिण्याजोगे मानले जाई. कॉलऱ्याच्या साथींनी ती समजूत मोडली. आज गावात कावीळ पसरली, तर लोक आधी पाण्याचा नमुना तपासायला लावतात. खोकल्याची साथ आली की मात्र अजूनही ऋतूला दोष दिला जातो आणि मुलाच्या दप्तरात औषधाची बाटली टाकली जाते. त्याच्या वर्गाची खिडकी उघडते का आणि आतल्या मीटरचा आकडा किती, हे जळगाव-धुळ्यातील प्रत्येक पालकाने पुढची फी भरण्याआधी विचारायला हवे.